मेंदूतील पेशीरोपण : आशा किती, आधार किती

समाजाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज तपासण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले. पूर्वी अशा अर्जांसोबत हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, गुडघ्याचे प्रत्यारोपण यांची अंदाजपत्रके असत. अलीकडे त्यांत ‘स्टेम सेल थेरपी’ हे शब्द दिसू लागले आहेत. रुग्ण कधी कंपवाताने ग्रासलेले वडील असतात, कधी सेरेब्रल पाल्सी असलेले चार वर्षांचे मूल, कधी स्वमग्न मुलगा. रक्कम लाखांत असते, उपचार अनेक टप्प्यांचा असतो आणि अंदाजपत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, परिणामाची हमी देता येत नाही असे वाक्य असते. उभे आयुष्य कर्जाचे कागद वाचण्यात गेल्यामुळे माझी नजर आधी त्या बारीक अक्षरांकडेच जाते.

अर्ज करणारी कुटुंबे आपलीच आहेत. कोणी दुकान गहाण टाकलेले असते, कोणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडलेली असते. अशा घरातील माणसाला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते आणि कारण न सांगता ‘नाही’ म्हणणे तर अन्यायच. म्हणून हा विषय जमेल तितका मुळापासून समजून घेतला. मी वैद्य नाही. परंतु ज्या गोष्टी जाहीरपणे नोंदल्या गेल्या आहेत, त्या वाचून पडताळणे कोणाही सुशिक्षित माणसाला शक्य आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मूलपेशी म्हणजे जिच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होऊ शकतात अशी पेशी. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या रोगांत अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण करतात. हा उपचार पक्क्या पायावर उभा आहे, त्याबद्दल डॉ. ई. डोनल थॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रोपणासाठी आलेला अर्ज मी डोळे झाकून पुढे पाठवतो, अर्थात कागद पाहून मगच. परंतु रक्ताचे एक आहे : रक्तपेशी आयुष्यभर मूलपेशींपासूनच तयार होत असतात. कारखाना चालू असतो, आपण फक्त नवे यंत्र बसवतो. मेंदूत तसे नाही. तेथे नुसती पेशी पोहोचून भागत नाही. तिने योग्य जागी मूळ धरले पाहिजे, योग्य प्रकारची चेतापेशी बनले पाहिजे, शेजारच्या पेशींशी धागे जोडले पाहिजेत आणि वाढ कोठे थांबवायची हेही तिला कळले पाहिजे. रक्तातील यशाचा दाखला देऊन मेंदूतील उपचार विकणे म्हणजे एका खात्याचे तारण दुसऱ्या खात्यावर दाखवण्यासारखे आहे.

मेंदूच्या सर्व विकारांत पेशीरोपणाचा सर्वांत दीर्घ आणि प्रामाणिक प्रयत्न झाला तो कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले. मध्यमेंदूत ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा एक लहानसा काळसर भाग आहे. तेथील काही लाख पेशी डोपामिन हे रसायन तयार करून मेंदूच्या आतील ‘स्ट्रायटम’ या भागाला पुरवतात आणि त्या पुरवठ्यावर आपल्या हालचालींची सहजता अवलंबून असते. या पेशी मरू लागल्या की हात थरथरतो, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते, चेहरा निर्विकार दिसू लागतो. लेव्होडोपा या औषधाने शरीराला डोपामिनचा कच्चा माल मिळतो. आपल्याकडील खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य निसर्गतः असते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसेल. पहिली काही वर्षे औषध उत्तम काम करते. पुढे त्याचा परिणाम लवकर ओसरू लागतो आणि औषधानेच शरीराच्या अनावर हालचाली सुरू होतात.

येथे शास्त्रज्ञांना एक वाट दिसली. एका जागच्या, एका प्रकारच्या पेशी कमी झाल्या आहेत. मग त्याच प्रकारच्या पेशी नेऊन लावल्या तर? सेरेब्रल पाल्सी, स्मृतिभ्रंश किंवा स्वमग्नता यांत अशी एक जागा आणि एक पेशी बोटाने दाखवता येत नाही. म्हणूनच एकच इंजेक्शन या सर्व विकारांवर चालते असे कोणी सांगितले, की तेथेच सावध व्हावे.

पहिला प्रयत्न १९८२ मध्ये स्टॉकहोमला झाला. रुग्णाच्याच मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचा तुकडा मेंदूत ठेवला गेला. फायदा अल्पजीवी ठरला. त्यानंतर एप्रिल १९८७ मध्ये मेक्सिकोतील डॉ. इग्नासिओ मद्राझो यांनी याच प्रकारच्या शस्त्रक्रियेने दोन तरुण रुग्णांत विलक्षण सुधारणा झाल्याचे एका मान्यवर अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केले. रुग्ण दोनच होते. परंतु बातमी जगभर गेली आणि पुढील काही वर्षांत ठिकठिकाणी शेकडो लोकांच्या पोटावर आणि कवटीवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. नंतर ताळेबंद मांडला गेला तेव्हा लाभ थोडा व तात्पुरता आणि उपद्रव बराच असे निघाले. दगावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत लावलेल्या पेशी जेमतेम शिल्लक होत्या. पद्धत सोडून देण्यात आली. शेअर बाजारात ज्यांनी अशा लाटा पाहिल्या आहेत, त्यांना या हकिगतीचे नवल वाटणार नाही.

त्याच सुमारास स्वीडनमधील लुंड येथे अँडर्स ब्योर्कलुंड आणि ओले लिंडवाल यांचा गट शांतपणे काम करत होता. उंदरांवरील अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर त्यांनी १९८७ पासून मोजक्या रुग्णांत गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणाच्या मेंदूतील पेशींचे रोपण केले. पहिल्या दोघांत फारसा गुण आला नाही; तंत्र सुधारल्यावर पुढच्यांपैकी काहींना स्पष्ट लाभ झाला. एका रुग्णाला तर काही वर्षे लेव्होडोपाची गरजच उरली नाही. रोपणानंतर २४ वर्षांनी तो वारला तेव्हा तपासणीत ते कलम जिवंत असल्याचे दिसले. मात्र शेवटच्या काळात त्याचा लाभ नाहीसा झाला होता, कारण रोग मेंदूच्या इतर भागांत पसरला होता. २००८ मध्ये आणखी एक चटका लावणारी गोष्ट समोर आली : दहा-पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्या काही तरुण पेशींतही कंपवाताच्या खुणा उमटल्या होत्या. नवी पेशी जुन्या घरात राहायला गेली आणि घराचा रोग तिला लागला.

या संपूर्ण इतिहासातील ज्या प्रकरणाने माझे मत घडवले, ते अमेरिकेतले आहे. लुंडच्या रुग्णांना बरे वाटले हे खरे. पण ते पेशींमुळे, की आपल्या मेंदूत काहीतरी नवे घातले आहे या श्रद्धेमुळे? कंपवातात हा प्रश्न विशेष अवघड असतो, कारण आशेनेसुद्धा मेंदूत डोपामिन स्रवते. निवाडा करण्यासाठी डॉ. कर्ट फ्रीड आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्ण घेतले. २० जणांच्या मेंदूत भ्रूणपेशी घातल्या. उरलेल्या २० जणांना शस्त्रक्रियागृहात नेले, त्यांच्या कवटीला छिद्रे पाडली, पण मेंदूला सुई लावलीच नाही. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नव्हते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. अशा लटक्या शस्त्रक्रियेवर पुष्कळ वाद झाला आणि तो होणे योग्यच होते. लाभाची शक्यता नसताना आजारी माणसाच्या कवटीला छिद्र पाडणे कोणालाही सहज पटणार नाही. परंतु त्या वीस जणांनी समजून-उमजून संमती दिली होती, आणि खऱ्या पेशी उपयोगी ठरल्या तर त्या पुढे त्यांनाही मिळणार होत्या.

निकाल २००१ मध्ये आला. वर्षभरानंतर रुग्णांना स्वतःच्या सुधारणेविषयी विचारले तेव्हा दोन्ही गटांच्या उत्तरांत फरक आढळला नाही. साठीच्या आतील रुग्णांच्या डॉक्टरी तपासणीत काही सुधारणा दिसली, वृद्धांत नाही. आणि ज्यांच्या मेंदूत पेशी गेल्या, त्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना पुढे औषध कमी किंवा बंद केल्यावरही न थांबणाऱ्या वेड्यावाकड्या हालचालींनी गाठले. लावलेल्या पेशी काढून घेता येत नाहीत. गोळी बंद करता येते, कलम बंद करता येत नाही. २००३ मध्ये अशाच दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. तोही निराशेचाच होता, आणि त्या हालचालींचे प्रमाण तेथे निम्म्याहून अधिक निघाले.

फ्रीड यांच्या चाचणीतील ३० रुग्णांचा पाठपुरावा सिंथिया मॅक्रे यांनी केला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला खऱ्या पेशी मिळाल्या असे ज्यांना वाटत होते, त्यांचे जीवनमान सुधारले होते, मग त्यांना प्रत्यक्षात पेशी मिळालेल्या असोत वा नसोत. ‘मला काय मिळाले असे वाटते’ याचा परिणाम ‘मला काय मिळाले’ याहून अधिक होता.

हे वाक्य मी दोनदा वाचले. अर्जासोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत काय असते? ‘उपचारानंतर बाबा स्वतः जेवू लागले’, ‘मुलगा नजरेला नजर देऊ लागला’ असे कृतज्ञ अभिप्राय. हे लोक खोटे बोलतात असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना तसे मनापासून वाटत असते. पण मेंदूच्या बाबतीत मनापासून वाटणे हा पुरावा ठरत नाही. त्यात मूल वाढत असते, सोबत फिजिओथेरपी चालू असते, घरातले सर्वजण अधिक लक्ष देत असतात. उपचार न घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केल्याशिवाय जमा कोणाच्या नावावर टाकायची ते ठरत नाही. व्यापारी माणसाला हे वेगळे सांगायला नको : दिवाळीत गल्ला वाढला म्हणून नव्या पाटीला श्रेय देणारा दुकानदार शहाणा नव्हे.

आता आपल्या वाचकांच्या मनात आलेलाच असेल अशा प्रश्नाकडे वळतो. या पेशी येतात कोठून? एका रुग्णासाठी अनेक भ्रूणांतील पेशी लागत. गर्भपात वेगळ्या कारणाने झालेला असला, तरी गर्भाला जीव मानणाऱ्या आपल्या परंपरेत हा व्यवहार सुखाने स्वीकारता येणार नाही. १९९८ पासून प्रयोगशाळेत भ्रूणीय मूलपेशी वाढवता येऊ लागल्या. त्यात एका भ्रूणापासून निघालेली पेशीशृंखला वर्षानुवर्षे चालते, तरी आरंभी एक भ्रूण संपतोच.

यातून बाहेरची वाट जपानच्या डॉ. शिन्या यामानाका यांनी काढली. एका मित्राच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहताना त्यांना आपल्या मुली आठवल्या आणि भ्रूण न वापरता हे साधले पाहिजे असे वाटले, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील साध्या पेशीत चार जनुके घालून त्यांनी तिला मूलपेशीच्या अवस्थेत परत नेले. या पेशींना ‘आयपीएस’ म्हणतात. २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. यामुळे हिंसेचा हिशेब शून्यावर आला असे मात्र मानू नये. माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वी हे पेशीरोपण उंदरांवर आणि माकडांवर करून पाहिले गेले. ज्याला त्याला आपला निर्णय करायचा असेल तर तो पूर्ण माहितीनिशी करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच आयपीएस पेशींतून डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचे पूर्वरूप घडवून क्योतो विद्यापीठात जुन ताकाहाशी यांच्या गटाने २०१८ मध्ये मानवी चाचणी सुरू केली. पेशी एका निरोगी दात्याच्या रक्तातून बनवलेल्या होत्या. ५० ते ६९ वयाच्या सात रुग्णांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना त्या सोडल्या. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सव्वा वर्ष दिले. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत कोणताही गंभीर दुष्परिणाम झाला नाही, गाठ झाली नाही. परिणाम मोजलेल्या सहा जणांपैकी चौघांच्या हालचाली औषधाचा अंमल नसतानाच्या तपासणीत सुधारल्या, आणि मेंदूच्या विशेष स्कॅनमध्ये डोपामिनची निर्मिती सरासरी सुमारे ४५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याच अंकात उत्तर अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीचा निकाल होता. तेथे भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी १२ रुग्णांना दिल्या होत्या. दीड वर्षात तेथेही पेशींमुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही आणि पूर्वीच्या त्या अनावर हालचालीही उद्भवल्या नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुमितोमो फार्मा या कंपनीने आयपीएस पेशींच्या उपचाराला परवानगी मिळावी म्हणून जपान सरकारकडे अर्ज केला.

ही बातमी खरोखर आनंदाची आहे. चाळीस वर्षांच्या चिकाटीचे ते फळ आहे. पण सात आणि बारा मिळून एकोणीस माणसे झाली, आणि तुलनेसाठी दुसरा गट दोन्ही ठिकाणी नव्हता. मद्राझो यांच्या दोन रुग्णांनंतर काय झाले, ते वर आलेच आहे.

आपल्याकडे जे विकले जाते, ते बहुधा या चाचण्यांतील उपचाराशी संबंधितच नसते. रुग्णाच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातील पेशी वेगळ्या करून पाठीच्या कण्यातील द्रवात टोचायच्या, असे त्याचे सामान्य रूप आहे. त्या पेशी डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी नसतात. क्योतोच्या यशाची कात्रणे मात्र माहितीपत्रकात आवर्जून असतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. २००७ च्या तिच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘मूलपेशी संशोधन आणि उपचार’ असे शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत त्यातून ‘उपचार’ हा शब्दच वगळण्यात आला. रक्ताच्या विकारांसारखे मान्य अपवाद सोडले, तर मूलपेशींचा रुग्णावरील प्रत्येक वापर हा प्रयोग आहे; तो मंजूर चाचणीतच करावा, आणि चाचणीबाहेर केल्यास तो गैरव्यवहार समजला जाईल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१७ ची आवृत्तीही हीच भूमिका पुढे नेते. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडूनही डिसेंबर २०२२ मध्ये सांगण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी नाळेतील रक्त भविष्यात स्वतःच्याच उपयोगी पडेल म्हणून खासगी पेढीत वार्षिक शुल्क भरून साठवण्याचा आग्रह होतो, त्यालाही परिषदेने शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे.

‘निदान अपाय तर होणार नाही ना’ हा युक्तिवाद मी वारंवार ऐकतो. एका इस्रायली मुलाची हकिगत २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. दुर्मीळ आनुवंशिक विकार असलेल्या या मुलाला वयाच्या नवव्या वर्षापासून मॉस्कोला नेऊन मेंदूत आणि कण्यातील द्रवात भ्रूणाच्या मेंदूतील मूलपेशी टोचण्यात आल्या. चार वर्षांनी त्याचे डोके दुखू लागले. तपासणीत मेंदूत आणि कण्यात गाठी निघाल्या. त्यांचे जनुकीय विश्लेषण केले तेव्हा त्या गाठी त्या मुलाच्या स्वतःच्या पेशींच्या नव्हत्या, दात्यांच्या पेशींच्या होत्या.

म्हणून आता असा अर्ज आला, की मी कुटुंबाला आशेविषयी काही बोलत नाही, कागद मागतो. ही मंजूर चाचणी असेल तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो. २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि कोणालाही ती संगणकावर विनामूल्य पाहता येते. संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि संमतीपत्राची मराठी प्रत मागावी. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पैशांचा. चाचणीत सहभागी होणारा रुग्ण विज्ञानाला आपले शरीर देत असतो. त्याच्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात, उलट अपाय झाल्यास उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी नियमांनी प्रायोजकावर टाकलेली आहे. तेव्हा ‘ही चाचणी आहे, आणि साडेचार लाख भरा’ ही दोन विधाने एका कागदावर नांदू शकत नाहीत. अंदाजपत्रक हातात पडले याचाच अर्थ बहुतेक वेळा स्पष्ट असतो.

तेच पैसे निधीने द्यायचे, तर कंपवाताच्या रुग्णासाठी नियमित औषधे, फिजिओथेरपी, घसरून पडू नये म्हणून न्हाणीघरात बसवायचे कठडे, आणि मेंदुविकारतज्ज्ञांनी योग्य ठरवलेल्या रुग्णाला मेंदूत विद्युत-तार बसवण्याची मान्यताप्राप्त शस्त्रक्रिया यांसाठी ते द्यावेत असे माझे मत आहे. समितीतील सर्वांचे नाही. एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की मुलासाठी सर्व करून पाहिले एवढे समाधान तरी आईबापांना मिळू द्यावे. त्यांच्या मताचा मी आदर करतो. पण ते समाधान निधीच्या पैशांतून घेण्याआधी त्या मुलाच्या पाठीत सुई किती वेळा जाणार आहे, तेही मोजले पाहिजे असे त्यांना सांगतो.

उत्तर अमेरिकेतील त्या पेशींची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२५ मध्ये सुरू झाली आहे. तीत १०२ रुग्ण घेण्याची योजना आहे. फ्रीड यांच्या चाचणीप्रमाणेच काहींना पेशी मिळतील आणि काहींवर लटकी शस्त्रक्रिया होईल. कोणाला काय मिळाले हे त्यांना कळणार नाही. आपल्याला बरे वाटते का, एवढ्यावर या वेळी भिस्त नाही. रुग्णांनी रोजनिशीत नोंदवलेल्या, शरीर नीट चालले आणि अनावर हालचालींचा त्रास झाला नाही अशा दिवसातील तासांची बेरीज सुमारे दीड वर्षाने दोन्ही गटांत ताडून पाहिली जाणार आहे.